पदवीच्या पुढचं पाऊल

मैत्रिणींनो, तुमच्या पदवीचा कागद सध्या कुठे आहे, आठवतंय का? बहुतेकींचं उत्तर मला ठाऊक आहे. कपाटाच्या वरच्या फळीवर, प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये, रेशनकार्ड आणि मुलांच्या जन्मदाखल्यांच्या खाली! लग्न ठरताना तो एकदा बाहेर निघाला होता. "मुलगी बी.एस्सी. आहे, फर्स्ट क्लास," असं आईनं पाहुण्यांना सांगितलं होतं. त्यानंतर त्याचं काम पडलं ते मुलांच्या शाळाप्रवेशाच्या अर्जात "आईचे शिक्षण" हा रकाना भरण्यापुरतं.

ठाण्याच्या उत्तरेला खाडीकाठी वसलेलं आमचं कोलशेत घ्या. मूळचं हे आगरी-कोळ्यांचं गाव. पुढे इथे सँडोझसारख्या रासायनिक कंपन्या आल्या आणि 'कोलशेत रोड' म्हटलं की कारखान्यांचे भोंगे आठवू लागले. आज त्याच रस्त्यावर मान वर करून बघावे लागतात असे टॉवर उभे आहेत. संध्याकाळी त्यांच्या खालच्या बागेत मुलांना खेळवायला आलेल्या बायकांशी बोलून पाहा. कुणी बी.कॉम., कुणी बी.ए., कुणी रसायनशास्त्र घेऊन एम.एस्सी.चं पहिलं वर्ष पुरं केलेली. "अगं, मग पुढे?" असं विचारलं की एकच ठरलेलं वाक्य कानी येतं, "पुढे काय, लग्न झालं!"

आज मला बोलायचं आहे ते या 'पुढे'बद्दलच. पदवीनंतरचं शिक्षण घेऊन एखाद्या विषयात तज्ज्ञ होण्याला संसारी बाईच्या आयुष्यात काही किंमत आहे का? असली तर ती कुठली? आणि त्यासाठी काय मोजावं लागतं?

वालाच्या बिरड्याची गोष्ट

सुरुवात आपल्या स्वयंपाकघरातूनच करू. वाल आपण कसे करतो? रात्री भिजत घालतो, दुसऱ्या दिवशी फडक्यात बांधून मोड आणतो, कोमट पाण्यात टाकून सोलतो आणि मग मऊ शिजवतो. सासूबाईंनी शिकवलं, त्यांना त्यांच्या सासूबाईंनी. कच्चे वाल खाल्ले की पोट बिघडतं, एवढं सगळ्यांना माहीत. पण का बिघडतं?

या 'का'चं उत्तर शोधणाऱ्यांत एक मराठी बाई होती. डॉ. कमला सोहोनी. वाल आणि डबल बी या दोन्ही कडधान्यांत एक पदार्थ असतो. आपल्या आतड्यात प्रथिनं पचवण्याचं काम ट्रिप्सिन नावाचा पाचकरस करतो आणि हा पदार्थ त्याच ट्रिप्सिनला अडवून धरतो. कमलाबाई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा पदार्थ शुद्ध स्फटिकांच्या रूपात वेगळा काढून दाखवला आणि १९५५ साली त्यावरचा निबंध 'नेचर' या जगप्रसिद्ध इंग्रजी नियतकालिकात छापून आला. भिजवण्यानं आणि मोड आणण्यानं असल्या पदार्थांचा जोर कमी होतो आणि नीट शिजवल्यावर तो बराचसा नाहीसा होतो. म्हणजे आजीची पद्धत बरोबरच होती!

मग तुम्ही म्हणाल, आजीला ठाऊक होतंच, तर डॉक्टरेट कशाला हवी? हाच कळीचा प्रश्न आहे. 'कसं करायचं' हे आजीला ठाऊक होतं. 'का' ते तिला ठाऊक नव्हतं. जोवर सगळं नेहमीसारखं चालतं, तोवर 'कसं' पुरतं. पण नवं धान्य आलं, नवा आजार आला, दुधात नवी भेसळ आली की मागची रीत मुकी होते. तिथे 'का' जाणणारं माणूस लागतं. असं माणूस म्हणजेच तज्ज्ञ. पदवीच्या तीन वर्षांत आपण इतरांनी शोधलेली उत्तरं पाठ करतो. त्यापुढच्या शिक्षणात प्रश्न आपला आपण विचारायला आणि त्याचं उत्तर तपासून घ्यायला शिकतो. पदवी आणि त्यापुढचं शिक्षण यांत खरा फरक आहे तो हा.

"बाई" म्हणून नाकारलेली विद्यार्थिनी

कमलाबाई माहेरच्या भागवत. लेखिका दुर्गा भागवत यांच्या या धाकट्या बहीण. वडील रसायनशास्त्र शिकलेले, त्यामुळे घरात शास्त्राचं वातावरण होतं. १९३३ साली त्या मुंबई विद्यापीठातून बी.एस्सी. झाल्या आणि बंगलोरच्या टाटा इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे भारतीय विज्ञान संस्थेत, संशोधनासाठी अर्ज केला. संस्थेचे संचालक होते नोबेल पारितोषिक मिळवणारे सर सी. व्ही. रामन. त्यांनी अर्ज नाकारला, कारण अर्ज करणारी मुलगी होती!

दुसरी कुणी रडून घरी बसली असती. कमलाबाई मुंबईहून बंगलोरला जाऊन रामन यांच्यापुढे उभ्या राहिल्या आणि आपला हक्क मागितला. शेवटी प्रवेश मिळाला, पण अटींवर. पहिलं वर्ष परीक्षेवर, मार्गदर्शक सांगतील तितक्या रात्रीपर्यंत काम करायचं आणि प्रयोगशाळेतलं वातावरण बिघडू द्यायचं नाही. अपमान गिळून त्यांनी वर्षभर दूध आणि कडधान्यं यांतल्या प्रथिनांवर काम केलं. ते पाहून रामन यांचं मत पालटलं आणि संस्थेचा दरवाजा पुढच्या मुलींसाठी उघडला. एकीनं मिळवलेल्या ज्ञानानं किती जणींची वाट मोकळी होते, पाहा.

पुढे त्या केंब्रिजला गेल्या. तिथे बटाट्यावर काम करताना वनस्पतींच्या पेशींच्या श्वसनात 'सायटोक्रोम सी' या पदार्थाचा वाटा असतो, हे त्यांनी दाखवलं. १९३९ साली त्यांना पीएच.डी. मिळाली. शास्त्रविषयात ती मिळवणाऱ्या सुरुवातीच्या भारतीय स्त्रियांपैकी त्या एक. आणि प्रबंध केवढा? चाळीसेक पानांचा! तज्ज्ञ होणं म्हणजे जाडजूड ग्रंथ लिहिणं, ही आपली समजूत किती खोटी आहे, हे यावरून कळावं.

१९४७ साली त्यांचं लग्न झालं आणि त्या मुंबईला आल्या. दोन मुलांचा संसार केला आणि मुंबईच्या विज्ञान संस्थेत जीवरसायनशास्त्र शिकवलं. पुढे तिथल्या संचालकही झाल्या. नीरा हे गरिबाघरच्या मुलांना आणि गरोदर बायकांना परवडणारं पोषक पेय आहे का, याचा त्यांनी कसून अभ्यास केला. त्या कामासाठी त्यांना राष्ट्रपतींच्या हस्ते पारितोषिक मिळालं.

मला सर्वांत मोलाचा वाटतो तो त्यांच्या आयुष्याचा उत्तरार्ध. १९६६ साली मुंबईत नऊ स्त्रियांनी मिळून ग्राहकांच्या हक्कांसाठी एक संस्था काढली, 'कन्झ्युमर गाइडन्स सोसायटी ऑफ इंडिया'. कमलाबाई तिच्याशी जोडल्या गेल्या, १९८२-८३ साली अध्यक्ष झाल्या आणि संस्थेच्या 'कीमत' या मासिकात ग्राहकांसाठी लिहीत राहिल्या. केंब्रिजची पीएच.डी. अशी आपल्या किराणामालाच्या पिशवीपर्यंत येऊन पोचली! दुकानदाराला "ताई, माल शुद्ध आहे" असं म्हणणं सोपं असतं. पण समोरची बाई तपासून सांगणारी असली की त्याची जीभ जरा अडखळते.

लग्नानंतर, मुलं सांभाळून

"अहो, त्या लग्नाआधी शिकल्या. आमचं तसं कुठे?" हा आक्षेप मला इथूनच ऐकू येतो आहे. मग इरावतीबाई कर्व्यांकडे पाहू.

१९२६ साली त्या पदवीधर झाल्या आणि दिनकर कर्व्यांशी लग्न करून महर्षी कर्व्यांच्या घरात सून म्हणून आल्या. एम.ए. केलं ते लग्नानंतर, १९२८ साली. त्यानंतर डॉक्टरेटसाठी थेट बर्लिनला! मजा पाहा, ज्यांनी स्त्रियांसाठी विद्यापीठ काढलं त्या सासऱ्यांनाही सुनेचं एवढ्या लांब जाणं रुचलं नव्हतं. नवरा मात्र पाठीशी उभा राहिला. परत आल्यावर तीन मुलांची आई होऊन त्यांनी समाजशास्त्र आणि मानववंशशास्त्र या विषयांत असं काम केलं की भारतातल्या नातेसंबंधांवरचा त्यांचा १९५३ सालचा ग्रंथ आजही अभ्यासक उघडतात. आणि ही विदुषी वारीबरोबर पायी चालली, त्यावर तिनं मराठीत लिहिलं, 'युगान्त'मधून महाभारतातली माणसं आपल्या घरात आणून बसवली. मावशी-आत्या, दीर-जाऊ हे आपण रोज जगतो तेच त्यांचं संशोधनाचं क्षेत्र होतं. मात्र त्याकडे बघायची नजर शिक्षणानं दिली होती.

आणखी थोडं मागे जाऊ. कोलशेतच्या खाडीत जे पाणी येतं ते उल्हास नदीचं, कल्याणवरून वाहत आलेलं. त्याच कल्याणची माहेरवाशीण आनंदीबाई जोशी. नवव्या वर्षी लग्न, चौदाव्या वर्षी बाळंतपण आणि बाळ अवघं दहा दिवसांचं होऊन गेलं. बायकांना तपासायला बाई डॉक्टर नाही, हे त्या दुःखातून तिला उमगलं. १८८६ साली अमेरिकेत फिलाडेल्फियाला ती डॉक्टर झाली आणि प्रबंध लिहिला तो बाळंतपणाच्या शास्त्रावर, आर्य हिंदूंमधल्या प्रसूतीविद्येवर. वर्ष उलटायच्या आत, फेब्रुवारी १८८७ मध्ये, क्षयानं तिला नेलं. रोगी तपासायचं तिच्या नशिबी आलं नाही. पण विषय कसा निवडावा, हे तिच्याकडून शिकावं. ज्या ठिकाणी स्वतःला चटका बसला, तेच तिनं अभ्यासायला घेतलं.

पदवीशिवाय तज्ज्ञ होता येत नाही का?

येतं की! 'रुचिरा'च्या कमलाबाई ओगले आठवा. शाळा त्यांना फार शिकायला मिळाली नव्हती. पण १९७० साली निघालेल्या त्यांच्या पुस्तकानं नव्या नवऱ्यांना जेवू घालणाऱ्या किती नव्या नवऱ्यांची लाज राखली! त्यांचं यश मापात होतं. "अंदाजानं घाला" म्हणण्याऐवजी त्यांनी वाटी-चमच्याचं प्रमाण बांधून दिलं. आणि आपल्या आगरी लग्नांत धवले गाऊन लग्नविधी करणारी धवलारीण? शेकडो ओळी तिला तोंडपाठ असतात. तीही तज्ज्ञच.

मग शिक्षण कुठे लागतं? धवलारणीच्या तोंडची गाणी तिच्याबरोबर विरून जाऊ नयेत, त्यातल्या शब्दांचा, चालींचा, देवदेवतांचा अर्थ लागावा, यासाठी मराठीत किंवा समाजशास्त्रात एम.ए. केलेली कुणी तिच्यापुढे वही घेऊन बसावी लागते. कोलशेत, बाळकुम, ढोकाळीच्या जुन्या घरांत असे विषय पडून आहेत. ते उचलायला लांबचं कुणी येण्याची वाट का पाहायची?

आणखी एक गैरसमज मनातून काढा. वर्षानुवर्षं एखादी गोष्ट केली म्हणजे त्यात तज्ज्ञपण येतं, असं नसतं. वीस वर्षं पोळ्या लाटूनही कुणाची पोळी कडक ती कडकच राहते! अँडर्स एरिक्सन या मानसशास्त्रज्ञानं आणि त्याच्या सहकाऱ्यांनी बर्लिनच्या व्हायोलिन वाजवणाऱ्या विद्यार्थ्यांचा अभ्यास करून १९९३ साली एक निबंध लिहिला. त्याचा मथितार्थ असा, की नुसते तास मोजून भागत नाही. जे जमत नाही नेमकं तेच घोटावं लागतं आणि चूक दाखवणारं जाणतं माणूस शेजारी लागतं. एकटीनं घरी पुस्तकं वाचणं आणि विद्यापीठात नाव घालणं यात अंतर पडतं ते इथेच. विद्यापीठात चूक दाखवणारा गुरू मिळतो.

आता कामाचं बोलू

कोलशेतपासून हाकेच्या अंतरावर बाळकुमला मुंबई विद्यापीठाचं ठाणे उपकेंद्र आहे. कल्याणलाही उपकेंद्र आहे. रोज वर्गात बसणं जमत नसेल तर मुंबई विद्यापीठानं १९७१ पासून घरबसल्या शिक्षणाची सोय केलेली आहे. नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ पासून आणि इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठ १९८५ पासून आहे. अर्ज करण्यापूर्वी हवा तो अभ्यासक्रम त्या वर्षी चालू आहे ना आणि त्याला मान्यता आहे ना, हे विद्यापीठाच्याच कार्यालयातून पक्कं करून घ्या. कुणा एजंटच्या तोंडी आश्वासनावर पैसे भरू नका.

पीएच.डी.चा विचार असेल तर विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०२२ सालचे नियम बायकांच्या सोयीचे आहेत. पीएच.डी.ला कमीत कमी ३ आणि एरवी ६ वर्षांची मुदत असते. फेरनोंदणी करून ती ८ वर्षांपर्यंत नेता येते आणि स्त्रियांना त्यावर आणखी २ वर्षं, म्हणजे एकूण १० वर्षांपर्यंत सवलत मिळू शकते. बाळंतपण आणि मुलांच्या संगोपनासाठी सबंध काळात मिळून २४० दिवसांपर्यंत रजा मिळू शकते. अर्धवेळ पीएच.डी.ही करता येते. मात्र टपालानं किंवा ऑनलाइन पीएच.डी. चालत नाही, हे लक्षात ठेवा. साधारणपणे एम.ए., एम.एस्सी.ला ५५ टक्के गुण लागतात, राखीव गटांना ५ टक्क्यांची सूट आहे. 'नेट' परीक्षेत शिष्यवृत्ती मिळाली तर २०२३ पासून तिची रक्कम महिना ३७ हजार रुपये आहे. त्यासाठी वयाची अट ३० वर्षं असली तरी स्त्रियांना ५ वर्षं जास्त मिळतात. प्राध्यापकीची पात्रता मिळवण्यासाठी मात्र 'नेट'ला वयाची अट नाही.

विषय निवडताना स्वतःला तीन प्रश्न विचारा. कुठल्या विषयावर दोन तास बोलले तरी मी कंटाळत नाही? माझ्या पदवीतलं काय त्याला उपयोगी पडेल? आणि मला ते आल्यानं कुणाचं भलं होईल? बी.कॉम. झालेलीला सोसायटीच्या हिशेबातून लेखापरीक्षणाची गोडी लागू शकते. बी.एस्सी.ला अन्नशास्त्र आहे, पाण्याची तपासणी आहे. बी.ए.ला ग्रंथालयशास्त्र, भाषांतर, लोकसाहित्य आहे. शेजारीण करते म्हणून तोच कोर्स करू नका.

आणि खरी गोष्ट लपवणार नाही. एम.ए., पीएच.डी. झाल्यावर नोकरी ठेवलेलीच आहे, असं कुणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. महाविद्यालयांत कायमच्या जागा मोजक्या आणि तासिका तत्त्वावर कमी पैशांत राबणाऱ्या प्राध्यापिका पुष्कळ. घरच्या खर्चाची घडी त्या नोकरीच्या भरवशावर बसवू नका. फी, पुस्तकं, प्रवास यांचा हिशेब आधी मांडा, मग पाऊल टाका.

घरच्यांशी कसं बोलायचं?

"या वयात शिकून काय दिवे लावायचेत?" हे वाक्य सासूबाईंकडूनच येतं असं नाही, कधी कधी आपल्याच मनातून येतं. त्यावर भांडण करून उपयोग नाही. घरच्यांना मोघम "मला शिकायचंय" सांगितलंत तर ते घाबरतील. त्यांना वेळ सांगा, रक्कम सांगा. रोज पहाटे दीड तास आणि रविवारची दुपार माझी, एवढं स्पष्ट मागा. परीक्षेच्या महिन्यात पोळ्यांना बाई लावायची की यजमानांनी कुकर लावायचा, ते आधीच ठरवून ठेवा. सासूबाईंनाही तुमच्या अभ्यासात ओढा. लोकसाहित्य असो की पाककला, त्यांच्याइतकी माहिती तुम्हाला पुस्तकात सापडणार नाही. आणि आपलं नाव प्रबंधाच्या आभारात छापून येणार म्हटल्यावर त्याच तुमच्यासाठी दारावरच्या पाहुण्यांना थोपवतील!

मुलांचं म्हणाल, तर त्यांचं नुकसान होत नाही. आई टेबलाशी बसून अडलेलं उदाहरण पुन्हा पुन्हा सोडवते आहे, हे दृश्य "अभ्यास कर रे" या शंभर हाकांपेक्षा जास्त काम करतं.

हे सगळं कशासाठी? पैशासाठी थोडंफार, मानासाठी थोडंफार. पण मुख्य म्हणजे एका तरी विषयात आपल्या शब्दाला वजन यावं यासाठी. घरात औषधापासून गुंतवणुकीपर्यंत बहुतेक गोष्टींत आपण "ह्यांना विचारून सांगते" म्हणतो. एखादी तरी गोष्ट अशी असू दे, जिच्याबद्दल घरातले, बिल्डिंगमधले, गावातले म्हणतील, "थांबा, त्यांना विचारू या. त्यांचा त्यात अभ्यास आहे."

तेव्हा या आठवड्यात एवढंच करा. एक कोरी वही घ्या आणि रोज कामं करताना पडणारा एक 'का?' तिच्यात लिहा. महिन्यानं वही चाळलीत की ज्या विषयाचे प्रश्न सर्वांत जास्त असतील, तो तुमचा विषय. प्रवेशाचा अर्ज त्यानंतर आणायचा.